आढ्यापलीकडचं उलथणं

पहिला ठेकेदार शिडीच्या चौथ्या पायरीवरूनच खाली उतरला आणि हात झटकत म्हणाला, "पाहिलं सगळं. अख्खं छप्पर बदलावं लागेल. आणि ती शिडी बदला आधी, डुगडुगते."

घरची म्हातारी दारात स्टूल टाकून बसली होती. तिने एवढंच विचारलं, "आढ्यापलीकडे काय दिसलं?"

"पलीकडे काय असणार मावशी? पत्रेच."

"बरं. पाणी पिऊन जा."

गेल्या वर्षीचा ठेकेदार मुलाने निवडला होता. जिभेला खडीसाखर आणि कामाला भोक. सुनेच्या शिवणाच्या खोलीत गिऱ्हाइकांचे चार कपडे डागाळले, दोन गिऱ्हाइकं गेली ती गेलीच. यंदाही गळलं तर मशीन विकून टाकणार, असं सून म्हणाली होती, आणि सून उगाच बोलणाऱ्यातली नव्हती. त्या दिवसापासून मशीन प्लॅस्टिक पांघरून बसलं होतं.

दुसरा मुलाचा लाडका. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट. त्याने शिडीला हातही लावला नाही. फोनवर लोकांच्या छपरांचे फोटो दाखवले, एक से एक. "मावशी, वीस वर्षांचा अनुभव. मला खालूनच कळतं."

"मग सांगा की, आढ्यापलीकडे काय आहे?"

तो मुलाकडे बघून हसला. मुलगाही हसला. म्हातारी हसली नाही.

"आई, तू लोकांना कोडी घालतेस," तो गेल्यावर मुलगा चिडून म्हणाला. "आज ठरवायचंय आपल्याला."

"ठरव की. मी कुठे हात धरलाय तुझा?"

आतून सून ओरडली, "आई, उलथणं मिळालं का हो? परवापासून शोधतेय."

"मिळेल, मिळेल. कुठे पळून जातंय."

तिसरा आला तो सायकलवर. काडीपैलवान, विचारल्याशिवाय तोंड उघडणार नाही असा. आधी शिवणाच्या खोलीत जाऊन छतावरचा डाग पाहिला, मग चपला काढून वर चढला. बराच वेळ पत्र्यावर नुसती पावलं ऐकू येत होती. मुलाने दोनदा घड्याळ पाहिलं.

खाली आला तेव्हा त्याच्या एका तळहातावर कुजून काळ्या पडलेल्या चार रबरी चकत्या होत्या. दुसऱ्या हातात उलथणं.

"गळतं खोलीत, पण पाणी शिरतं आढ्याजवळून. स्क्रूखालच्या चकत्या गेल्यात. सगळ्या बदलायच्या, दोन पत्रे नवे. बाकी छप्पर धडधाकट आहे." मग त्याने उलथणं पुढे केलं. "हे पलीकडच्या उतारावर होतं. तुमचंच का?"

सून दारात येऊन उभी राहिली.

"तुमच्याकडे आधी कोण कारागीर होता?" तिसऱ्याने विचारलं. "धुळीत अनवाणी पावलं उमटलीत. बरोबर स्क्रूच्या ओळीवरून गेलाय, जिथे खाली वासा आहे तिथेच पाय. एक पत्रा दबला नाही. असं चालणारे आता फार नाहीत."

म्हातारीने दोन्ही हात गुडघ्यांवर लुगड्याला पुसले. डाव्या नडगीवर ओरखड्याची खपली होती. मुलाची नजर तिथे गेली आणि तिथेच अडकली.

"आई, मला वाटलं न्हाणीघरात लागलं."

"लागलं म्हटलं. खाली की वर, ते तू विचारलं नाहीस."

"सत्तरी उलटली तुझी!"

"म्हणून तर चढायला दोन दिवस आधी सुरुवात केली." तिने उलथणं सुनेच्या हाती दिलं. "घे, घासून टाक. आणि मशीनवरचं ते प्लॅस्टिक काढ. जीव गुदमरला असेल त्याचा."

सून आत गेली. प्लॅस्टिक ओढल्याचा सरसर आवाज बाहेरपर्यंत आला.

म्हातारी तिसऱ्याकडे वळली. "उद्या सकाळी या. शिडी मात्र आहे तिथेच राहू द्या. काम झालं की मी वर येऊन बघणार."

तो हसला नाही, नको म्हणाला नाही. अंगणाच्या कडेची एक चपटी वीट त्याने उचलली, शिडीच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवली, आणि दोन्ही हातांनी शिडी हलवून पाहिली.