नुसतं बसायचं काम
चित्रकलेच्या वर्गात ती मॉडेल म्हणून उंच स्टुलावर बसायची. त्या दिवशी चाळीस मिनिटं मान वळवून बसल्यावर तिने सरांकडे पाच मिनिटांची विश्रांती मागितली. "कसली विश्रांती, बाई? नुसतं तर बसायचंय. दगडालाही जमतं," सर म्हणाले. मुलं हसली. असे दीडशहाणे तिने पुष्कळ पाहिले होते. ती खाली उतरली. "मग आज तुम्हीच बसा, सर. तुमचा चहा गार होतोय, तो मी घेते." मुलांसमोर माघार कशी घेणार? सर ऐटीत स्टुलावर चढले. तिसऱ्याच मिनिटाला नाक खाजलं, मग मान आखडली. "सर, हलू नका, चित्र बिघडतंय," एक मुलगी शांतपणे म्हणाली. दहाव्या मिनिटाला सर उतरले, तर पायाला मुंग्या आलेल्या. "बाई, जरा हात द्या." तिने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि आधी सावकाश चहा संपवला.