कोरडं मैदान

"मशीन राहू दे रे! आधी आईला घे!" ताई ओरडली.

धाकट्याने शिलाई मशीन सोडलं आणि आईला पाठुंगळीला घेतलं. घरात पाणी कमरेला लागलं होतं. आई मात्र मान वळवून मशीनकडेच बघत होती. त्याच मशीनवर तिने दोघांना वाढवलं होतं, आणि आता ते गढूळ पाण्यात दिसेनासं झालं.

ताई गटारं-नाल्यांच्या खात्यात इंजिनिअर. गल्लीच्या टोकाचं मैदान तिनेच खोल खणून घेतलं होतं. नाला तुंबला की पाणी घरांत शिरण्याऐवजी मैदानात उतरावं आणि पाऊस ओसरला की हळूहळू निघून जावं, म्हणून. तीन पावसाळे मैदानाचं तळं झालं आणि गल्लीत कुणाचा उंबराही भिजला नाही. त्यामुळे पुराची भीती लोक साफ विसरले. लक्षात राहिला तो चिखल.

धाकटा त्या मैदानावर मुलांना फुटबॉल शिकवायचा. पावसाळाभर सराव बंद. "लोक तळं बुजवून मैदान करतात, आमच्या ताईने मैदानाचं तळं केलं!" असं तो जेवताना हटकून चिडवायचा. पुढे चिडवणं संपलं आणि तो गळ घालू लागला. त्याच्याकडची मुलं एकेक करून दुसरीकडे चालली होती. या उन्हाळ्यात ताईचं मन विरघळलं. भावापुढे तिची इंजिनिअरकी चालली नाही. मैदानात रस्त्याहून उंच भराव पडला, वर छान हिरवळ आली. पाण्यासाठी दुसरी जागा पुढच्या वर्षी बघू, असं तिने स्वतःला समजावलं. पावसाला कोण समजावणार?

आता अख्खी गल्ली त्या मैदानावर येऊन बसली होती. जवळपास तेवढीच एक उंच जागा होती.

"तुम्ही भराव घातलात म्हणून जीव वाचले, ताई," बेकरीवाला हात जोडून म्हणाला. त्याची भट्टी पाण्याखाली होती.

ताईला ते ऐकवेना. तिने धाकट्याकडे पाहिलं. पाणी घरांत का शिरलं, ते त्यालाही कळलं होतं. खाली मान घालून तो हिरवळ उपटत बसला होता.

आईने गवत चाचपून पाहिलं. तिचा चेहरा जरा उजळला.

"किती कोरडं आहे गं इथे," ती म्हणाली. "तुम्ही दोघांनी मिळूनच केलंत ना हे?"