हिर्डोशीच्या अलीकडचा थांबा

‘इथे थांबा. इंजिन बंद करा. चार मिनिटे,’ मोबाईल म्हणाला.

गोरखने टेम्पो कडेला घेतला. हिर्डोशीच्या अलीकडचं वळण. ना घर, ना दुकान. “हितं कशापायी?” तो म्हणाला.

खिडकीशी बसलेल्या शेफालीने हातातल्या कागदावर फुली मारली. भोरच्या औषध कंपनीची ती व्यवस्थापक. रस्ता सांगणारं हे नवं ॲप घ्यायचं की नाही, ते आज ठरणार होतं. गोरखने हा रस्ता जन्मात पाहिला नव्हता. नुसत्या ॲपच्या भरवशावर त्याने औषधं हिर्डोशीला पोचवायची. मधे बसलेला दिलावर या रस्त्याचा नेहमीचा चालक, त्याने ब्र काढायचा नाही. ॲप पास झालं, की कुणीही नवखा ही गाडी चालवणार आणि दिलावरची एकोणीस वर्षांची लाईन जाणार.

दिलावरही हट्टाला पेटलेला. जूनमध्ये कंपनीने त्याच्या टेम्पोत ॲपचा एक डबा बसवला. तेव्हापासून ॲपवाल्यांनी खोदून खोदून विचारलं, पण पठ्ठ्याने रस्त्याबद्दल अवाक्षर सांगितलं नाही.

“बिघाड दिसतोय. चल पुढे,” शेफाली म्हणाली.

गोरखने चावीला हात घातला. आता दिलावरने नुसतं गप्प बसायचं होतं. ॲप नापास, लाईन शाबूत. पण त्याच्या अंगावर काटा आला होता.

“म्याडम, बिघाड न्हाई. त्यो बरोबर सांगतोय,” तो म्हणाला. “म्होरं वढा हाय, रस्त्यावरनं पानी जातं. म्या हितं इंजिन बंद करून आवाज ऐकतो. हलका असंल तर म्होरं, न्हाईतर माघारी. पर ह्ये म्या कुनालाच बोललो न्हाई. ह्याला कसं कळलं?”

पावसाळाभर त्या डब्याने गाडीचं थांबणं मुकाट्याने टिपलं होतं. का थांबायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं. तरी तो थांबा म्हणाला होता! झाडीपलीकडे पाणी घुमत होतं. शेफालीने फुली खोडली.

“मग आज जायचं की नाही?” तिने गोरखला विचारलं.

गोरखने मोबाईल पुढे धरला. चार मिनिटं भरली होती. पडद्यावर दोन बाण उमटले, एक पुढे, एक माघारी. खाली अक्षरं आली: ‘माहिती अपुरी. चालक दिलावर यांना विचारा.’