दुसरी बुडी

पाय वर आला होता. हिलमारचं बाकी सगळं अंग पाण्याखाली गेलं, पांढरी दाढीसुद्धा गेली. पण डावा पाय घोट्यापर्यंत वर उसळला आणि पुन्हा बुडाला. तरुण धर्मप्रचारक एल्डर हॅडलॉकनं काठावरून ते स्वच्छ पाहिलं. पाहणं हेच त्याचं काम होतं. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या बाप्तिस्म्यात माणूस नखशिखांत बुडावा लागतो. जरा काही वर राहिलं तर सगळं पहिल्यापासून करायचं, आणि त्यावर नजर ठेवायला दोन साक्षीदार उभे करतात.

हिलमार ठसकत उभा राहिला. त्याला बुडवणारा एल्डर सापोलू, म्हणजे हॅडलॉकचा जोडीदार, कुडकुडत हसत होता. बिचारा उबदार सामोआ बेटांवरचा. नॉर्वेत जूनला उन्हाळा म्हणतात यावर त्याचा अजून विश्वास बसला नव्हता. काठावरच्या मंडळींनी गाणं सुरू केलं. मंडळी म्हणजे दोन मोटारींत मावतील एवढीच.

दुसरी साक्षीदार गुनवोर. मासळीच्या कारखान्यात जन्म काढलेली बाई. तिनं हॅडलॉकचा चेहरा पाहिला आणि त्याची बाही ओढली.

"मी काही पाहिलं नाही," ती पुटपुटली. "तूही पाहिलं नाहीस. कळलं?"

तिचंही चुकत नव्हतं. हिलमार मच्छीमार, पण त्याला पोहता येत नव्हतं. त्या किनाऱ्यावर त्याच्या पिढीत कुणालाच येत नसे. पोहता आलं की मरायला जास्त वेळ लागतो, असं ते म्हणत. तरुणपणी त्याचा धाकटा भाऊ एडवीन त्याच्या डोळ्यांदेखत होडीवरून पडला, तो वर आलाच नाही. तेव्हापासून हिलमारनं होडी विकून जाळी विणायला घेतली. गुडघ्याच्या वर पाण्यात तो कधी गेला नाही. झोपताना दिवा मालवत नसे. एडवीन खालच्या काळोखात गेला, एवढं एकच वाक्य तो भावाबद्दल बोलायचा.

हॅडलॉक आणि सापोलू ही दोन पोरं पहिल्यांदा त्याच्या दारात उभी राहिली तेव्हा तो हसत सुटला होता. मिसरूड धड फुटलेलं नाही आणि छातीवरच्या पट्टीवर 'एल्डर', म्हणजे वडीलधारे! मिशनवर असेपर्यंत त्यांना पोहायची बंदी असते हे कळल्यावर तर ती त्याला फारच आवडली. मेलेली माणसं पुन्हा भेटतात, एडवीनही भेटेल, असं ती सांगत. आणि तो ते त्यांना पुन्हा पुन्हा सांगायला लावी. त्यापायी त्यानं त्यांच्या पंथाला वर्ज्य असलेली तंबाखू सोडली, कॉफी सोडली. शिव्या सुटायच्या बाकी होत्या. पाण्याचं नाव काढलं की मात्र विषय बदलायचा. चर्चचा बाप्तिस्म्याचा हौद दिवसभराच्या वाटेवर होता. घाबरायचंच तर ओळखीच्या पाण्याला घाबरेन, म्हणून त्यानं समुद्र निवडला आणि अट घातली: एकदाच. दुसऱ्यांदा सांगितलंत तर माझ्या दारात पाऊल टाकायचं नाही.

गप्प राहिलं तर म्हातारा मिळत होता. बोललं तर जात होता. हॅडलॉकनं मनातल्या मनात देवाला विचारलं. देव काही बोलला नाही, किंवा बोलला असेल तर ते हॅडलॉकला आधीच ठाऊक होतं. एडवीन भेटेल हे या माणसानं निव्वळ आपल्या शब्दावर खरं मानलंय. आज पायाबद्दल खोटं बोललो, तर त्या शब्दाला काय किंमत राहिली?

तो बुटांसकट पाण्यात शिरला. गाणं मध्येच थांबलं. कमरेपर्यंत पाणी आलं तेव्हा त्याचा श्वास अडकला. अमेरिकेतल्या आयडाहोच्या बटाट्याच्या शेतात वाढलेला हा पोरगा आजवर समुद्रात उतरला नव्हता.

"हिलमार, तुमचा पाय वर आला होता," तो म्हणाला. "हे झालं नाही. पुन्हा करावं लागेल."

काठावर गुनवोरच्या तोंडून बाप्तिस्म्याला न शोभणारा एक शब्द निघाला. हिलमारचे ओठ निळे पडले होते. त्यानं काठाकडे पाहिलं. तिथे त्याच्यासाठी मोटार गरम करून ठेवली होती.

"गाढवा, बूट घालून आलास," तो म्हणाला.

"हो."

"भीती वाटतेय?"

"खूप."

म्हाताऱ्यानं एका हातानं हॅडलॉकचा दंड पकडला, दुसऱ्या हातानं सापोलूचं मनगट. "मग लवकर आटपा," तो म्हणाला.

सापोलूनं हात उंचावून बाप्तिस्म्याचे शब्द पुन्हा म्हटले आणि हिलमारला मागे झुकवलं. या वेळी सगळं गेलं. हॅडलॉकनं आधी पाय पाहिले, मग चेहरा. पाण्याखाली म्हाताऱ्याचे डोळे सताड उघडे होते. सापोलू त्याला वर ओढू लागला, पण तो लगेच येईना. दंडावरची त्याची पकड मात्र हळूहळू सैल झाली. मग हिलमार आपणहून वर आला. ठसका नाही, काही नाही.

"झालं?" सापोलूनं विचारलं.

हॅडलॉकनं होकारार्थी मान हलवली. त्याला रडू येत होतं. हिलमारचं दोघांकडेही लक्ष नव्हतं. तो पाण्याकडे बघत होता.

"मघाशी मी डोळे गच्च मिटले होते," तो म्हणाला. "आता उघडले. वरनं हे सगळं काळंच दिसतं रे पोरांनो. पण खाली उजेड आहे."

मग अगदी हळू, जणू स्वतःलाच, तो म्हणाला, "एडवीन गेला तेव्हाही भर दुपार होती."