समासातली जमना

चोपड्याच्या वाचनालयात लताबाई ग्रंथपाल होत्या. जग उद्ध्वस्त झाल्यावर जंगलात अडकलेल्या चार मुलांची एक कादंबरी त्या नववी-दहावीच्या मुलांना आवर्जून वाचायला सांगत. अठ्ठ्याऐंशी साली सातपुड्यातल्या पाड्यावरून शिकायला आलेल्या जमनानं ती नेली. चार दिवसांनी पुस्तक परत आलं, तेव्हा पानापानाच्या समासात पेन्सिलीनं लिहिलेलं होतं.

मुलं उपाशी बसतात तिथं, ‘हे झाड मोहाचं आहे आणि महिना चैत्राचा. खाली फुलं पडली असतील, वेचून खा.’ नदी आटते तिथं, ‘वाळूत हातभर खणा, पाणी लागतं.’ शेवटी नायक मरतो तिथं, ‘हा उगाच मेला.’

लताबाईंनी जमनाला बोलावून घेतलं. “वाचनालयाच्या पुस्तकात असं लिहितात का गं?”

“बाई, पोरं मरून राह्यली होती,” जमना म्हणाली. “मग सांगायला नको?”

लताबाईंनी खोडरबर पुढे केलं. जमना खोडायला बसली. तिच्या खांद्यावरून लताबाई समास वाचत होत्या. तिसऱ्या पानाशी त्यांनी खोडरबर काढून घेतलं.

पुढच्या आठवड्यात ते पुस्तक वकिलांच्या चारुशीलेनं नेलं आणि दुसऱ्याच दिवशी परत आणलं.

“आवडलं?” लताबाईंनी विचारलं.

“छापलेलं ठीक आहे,” चारुशीला म्हणाली. “पण बाई, हे पेन्सिलीनं ज्यांनी लिहिलंय ना, त्यांचं दुसरं एखादं पुस्तक आहे का?”