थोरलीचं माप

‘धीर धरा, बाई. नऊ वर्षांत हुबेहूब तीच घरात बागडेल,’ गेलेल्या लेकीच्या पेशीपासून दुसरी घडवताना डॉक्टर म्हणाले होते. आई शिवणकाम करायची. धाकटीचे सगळे झगे तिने थोरलीच्या मापाच्या वहीवरून बेतले आणि ते बिनचूक बसले. आज नऊ वर्षं सरल्यावर नवा झगा काखेत काचला. ‘जगाची मापं घेतेस आणि पोटच्या पोरीचं अंदाजपंचे?’ पोर हसली. आईने वही चाळली. थोरली नवव्या वर्षीच गेली होती; पुढची पानं कोरीच होती. गळ्यातला टेप काढून तिने पहिल्यांदाच पोरीचे खांदे मोजले. ‘साडेअकरा.’ ‘मग लिही की माझ्या वहीत!’ ‘ही वही तुझी नाही, बाळा.’ ‘अगं, वर माझंच नाव आहे!’ ‘ते नावही तुझ्या ताईचंच,’ आई म्हणाली. ‘ती गेली, म्हणून तिच्यापासून तुला करवून घेतलं.’