होडीचं स्टेशन

आईला वाचता येत नाही. मेट्रोत दर स्टेशनाच्या पाटीवर एक चित्र असतं; मेक्सिको शहर ती त्या चित्रांवर फिरली. टोळ म्हणजे बाग, सफरचंदं म्हणजे बाजार. आणि सांता अनीता स्टेशनला होडीतली बाई.

"ती माझी आई आहे," असं ती ठासून सांगायची. आजी तिथल्याच कालव्यात होडीतून फुलं विकायची. अक्कलशून्यांनी कालवा बुजवला आणि आठवण म्हणून भिंतीवर होडी रंगवली!

आता आईची नजर जायला आली होती. त्याआधी तिला आजीला शेवटचं बघायचं होतं.

आम्ही उतरलो. चित्रात नुसतं पाणी होतं. होडी नाही, बाई नाही. एकाही पाटीवर नाही. मी तिथल्या पहारेकऱ्याला विचारलं.

"होडी?" पहारेकरी हसला. "काका, भरदुपारी घेतलीत?"

आईने माझी बाही ओढली. "दिसते का रे, एलादियो?"

"नाही गं. नुसतं पाणी आहे."

"मग निघाली म्हणायची!" तिचा चेहरा उजळला.

बोगद्यात गाडीचा दिवा नव्हता. पण पाण्यात वल्हं पडल्याचा आवाज आला. पुन्हा आला, जवळून. गार वाऱ्याबरोबर ताज्या फुलांचा वास आला. फलाटावरची गर्दी आपोआप मागे सरकली. पहारेकऱ्याने टोपी काढली.

आई खाली वाकून बूट काढू लागली.